दादाच्या नोंदी आणि शेवटची फ्लॉपी
कोळवण, मंगळवार, १२ जानेवारी १९८८

दुरुस्त होऊन आलेल्या दादाच्या कॉम्प्युटरमध्ये त्याच्या भाताच्या वाणांच्या नोंदी फ्लॉप्यांवरून परत भरल्या. बंद करून पुन्हा लावला, तर सुरूच होईना. माझ्या हातून सगळं पुसलं तर नाही ना? दादाच्या दहाव्याला कावळा पिंडाला शिवेना, तेव्हा या नोंदी मी पुऱ्या करीन म्हणालो. मग शिवला. आता दादाला काय सांगू?

वहिनी दारात उभ्या.

मग दिसलं, शेवटची फ्लॉपी आतच होती. सुरू होताना मशीन आधी फ्लॉपीतच बघतं, आणि तिच्यात नुसत्या नोंदी असल्या तर तिथंच अडतं, हे ठाऊक होतं. पण तिच्यावर दादाचं अक्षर, काढवली नव्हती. काढली, मशीन पुन्हा लावलं, नोंदी उघडल्या. पडद्यावर पहिलं नाव आंबेमोहर.

वहिनी म्हणाल्या, "भावजी, शिवला म्हना की."