रेड हिलवरून परत

१० मे २००७, गुरुवार. रेडमंड

आश्लेषा आली होती. चहा नको म्हणाली. उभ्याउभ्याच — "गुरू, मला मौना लोआला ने. प्रताप गेला ती जागा मला बघायचीय."

गेल्या मे महिन्यात तिच्या नवऱ्याला त्या बेटावरच्या ज्वालामुखीवर घेऊन गेलो आणि एकटा परत आलो. कुठल्या तोंडाने नाही म्हणू?

१३ मे, रविवार

इथे तरी खरं लिहितो. सगळ्यांना सांगितलं, प्रतापच ऐकेना, शिखर गाठायचंच म्हणत होता. खोटं! दहा हजार फुटांवर रेड हिलची केबिन आहे. तिथे मुक्काम केला. सकाळी त्याचं डोकं ठणकत होतं, दोनदा उलटी झाली. म्हणाला, "उतरूया यार." मी म्हटलं, "अरे, एवढ्या उंचीवर सगळ्यांनाच होतं. चालायला लागलास की जाईल." आणि सॅक उचलून निघालो. तो मागून आला. कॉलेजपासून माझ्या मागूनच यायचा.

शिखराजवळच्या वरच्या केबिनमध्ये त्याच्या फुप्फुसांत पाणी झालं. पहाटे गेला.

१४ मे

झोप नाही.

२४ मे, गुरुवार. हिलो, ज्वालामुखीच्या पायथ्याशी

विमानात तिने विचारलं, "शेवटचं काय बोलला रे तो?"

"आठवत नाही."

वर्षभर हेच उत्तर देतोय.

२५ मे, शुक्रवार. रेड हिल

साडेसात मैल नुसता काळा लाव्हा. पायाखाली काच फुटावी तसा आवाज. वाट अशी नाहीच — रचलेल्या दगडांच्या खुणा शोधत चालायचं. वर वर झाड नाही, पाखरू नाही. आश्लेषा कधी ट्रेकला न गेलेली बाई, कुठे थांबली नाही. दम मलाच लागला.

केबिन होती तशीच. "तो कुठे झोपला होता?" खिडकीखालचा बंक दाखवला. तिने तिथेच स्लीपिंग बॅग पसरली.

टाकीतलं पाणी उकळून मॅगी केली. कुणालाच गेली नाही. आज सांगायचं ठरवलं होतं. तोंड उघडलं आणि म्हणालो, "उद्या लवकर निघू." भेकड!

२६ मे, शनिवार. पुन्हा हिलो

सकाळी ती बंकवर बसूनच राहिली. "डोकं दुखतंय जरा. चल, निघू या."

मी तिचं सामान सॅकमध्ये कोंबायला लागलो. "खाली जायचं. आत्ताच्या आत्ता!"

"अरे, थोडंसंच दुखतंय. इतक्या लांब आलो, आणि—"

"नाही म्हटलं ना!" ओरडलोच.

तिने सॅक माझ्या हातातून घेतली. मग अगदी हळू — "त्याचंही दुखत होतं. हो ना?"

मान हलवली.

"बोलला होता तुला?"

"हो. उतरूया म्हणाला होता. मी ऐकलं नाही."

रडली नाही. बूट घातले. नाडी बांधली, सोडली, पुन्हा बांधली. सगळी वाट माझ्यापुढे चालली, एकदाही मागे वळली नाही. गाडीत बसल्यावर एवढंच म्हणाली, "वर्षभर मी त्याच्यावर चिडलेय, गुरू. मेलेल्या माणसावर. हट्टी म्हणून, आमचा विचार केला नाहीस म्हणून."

मी गाडी सुरू केली.

२९ मे, मंगळवार. रेडमंड

ऑफिस. मीटिंगमध्ये कोण काय बोललं, एक अक्षर कळलं नाही. तिचा फोन नाही. मीही केला नाही.

१ जून

पाऊस. तो खाली आला असता आणि मी वर राहिलो असतो, तर कुणाचं काय अडलं असतं?

३ जून, रविवार

आश्लेषाचा फोन. प्रतापचे आई-अण्णा शनिवारी नागपूरहून येतायत. "त्यांना तू स्वतः सांगायचंस. मी तुला माफ केलेलं नाही." मला वाटलं, आता फोन ठेवेल.

"मी तुझ्या शेजारी बसेन."