चार जाड तारांची हकिगत

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. (तो कागदावरच घे. प्रत्यक्षात तेवढा वाकलो तर उठवायला दोन माणसं लागतात.) तुझी तब्येत कशी आहे? फोनवर तू नुसतं 'बरी आहे' म्हणतेस आणि ठेवून देतेस, त्यावरून काही कळत नाही. भाऊजींचा खोकला गेला, की आता घरचाच झाला? इकडे आम्ही दोघं सुखरूप आहोत. माझ्या डाव्या हाताच्या बोटांना फोड आलेत, पण मी लिहितो उजव्या हाताने, तेव्हा अक्षराचा दोष फोडांवर ढकलता येत नाही.

फोड कशाने आले ते सांगतो, हसू नकोस. मी बेस गिटार शिकतोय. बेस म्हणजे साध्या गिटारचा थोरला भाऊ समज. तारा चारच, पण जाड, आणि आवाज विहिरीच्या तळातून यावा तसा. चौसष्टाव्या वर्षी हे काय खूळ, असं तू म्हणणार. कारण आहे, आणि ते तुझी भावजय आहे. गेली दोन वर्षं तिला ऐकू कमी येतं. हे मला माहीत आहे, शेजारणीला माहीत आहे, दूधवाल्याला माहीत आहे. फक्त तिला माहीत नाही. तिच्या मते जग पुटपुटायला लागलंय, आणि जगात सगळ्यात जास्त मी पुटपुटतो. शाळेत तीस वर्षं मुलांना गाणी शिकवलेली बाई. कणीक मळताना गुणगुणायची, कपडे वाळत घालताना गुणगुणायची, मी रागावलो की मुद्दाम जरा मोठ्याने गुणगुणायची. ते कधी थांबलं हे माझ्या लक्षातसुद्धा आलं नाही बघ. एके दिवशी घर फार शांत वाटलं, तेव्हा कळलं.

पण गंमत अशी की दारावरची घंटा तिला ऐकू येत नाही, आणि तिसऱ्या मजल्यावर बसून तळघरातला पाण्याचा पंप मात्र ऐकू येतो. 'अहो, पंप बंद करायचा विसरले वाटतं,' असं ती मलाच सांगते. मी जन्मभर लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस, यंत्राच्या घरघरीवर पोट भरलंय, तेव्हा डोक्यात नोंद झाली: बारीक आवाज गेलेत, खालचे शिल्लक आहेत. पुढच्याच आठवड्यात एका सभागृहाची लिफ्ट तपासायला गेलो. वर कोणीतरी सराव करत होतं, आणि लिफ्टच्या खोक्यात उभं असताना ते सूर मला कानांआधी तळपायांत कळले. खाली उतरून चौकीदाराला विचारलं, हे कसलं वाद्य? तो म्हणाला, बेस. असलं एक जुनं माझ्या कोठीत धूळ खात पडलंय, तारा गंजल्यात, नेता का? नेलं.

आता तारा घ्यायच्या. मला वाटलं, तारांबद्दल मला कोण शिकवणार? (तीस माणसं ज्या तारेवर लोंबकळतात ती बदलणारा माणूस मी.) दुकानात जाऊन ऐटीत म्हणालो, 'गिटारच्या तारा द्या.' दुकानदाराने दिल्या. घरी येऊन पाहतो तर सहा तारा, खुंट्या चार, आणि तारा शिवणाच्या दोऱ्याएवढ्या. एक लावून पाहिली, ती खुंटीपर्यंत पोचेचना. बेस म्हणून सांगायचं असतं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या खेपेला सांगितलं. तेव्हा दुकानदाराने चार पाकिटं मांडली, प्रत्येकावर जाडीचे आकडे. माझा हिशेब सोपा होता: तार जेवढी जाड तेवढी भरवशाची. सगळ्यात जाड उचलली. घरी तीन तारा ताणल्या, तर त्या जुन्या वाद्याची मान धनुष्यासारखी वाकली आणि तारा इतक्या वर गेल्या की दाबायला दोन अंगठे कमी पडावेत. (फोड हे त्या दिवसाचे.) चौथी तार मी आमच्या धंद्याच्या शिस्तीने आधी नेमकी मोजून कापली. ती खुंटीला जेमतेम अर्धा वेढा बसली, पिळल्याबरोबर सटकली आणि माझा दाढीचा आरसा फोडून गेली. त्या दणक्याने तुझी भावजय धावत आली. मी म्हणालो, 'तार घट्ट बसत नाही.' तिने ऐकलं, दार घट्ट बसतंय. निमूट तेलाची बुधली आणली आणि घरातल्या सगळ्या बिजागऱ्यांना तेल घातलं. मी हसलो. मग स्वयंपाकघरात जाऊन हसायचा थांबलो.

तिसऱ्या खेपेला वाद्यच उचलून नेलं. दुकानात मालक नव्हता, एक मुलगी होती. ती स्वतः बेस वाजवते. तिने वाद्य उलटंपालटं केलं, मानेतली सळई किल्लीने पिळून बाक काढला, आणि मला कोणीच न विचारलेला प्रश्न विचारला.

'काका, वाजवणार तुम्ही. ऐकणार कोण?'

ताई, काय झालं कोण जाणे, मी सगळं सांगून टाकलं. शेजारणीलाही जे कबूल केलं नव्हतं तेसुद्धा: की रात्रंदिवस जवळ असूनही बायको लांब गेल्यासारखी वाटते. मुलीने मान डोलावली आणि दोन पाकिटं काढली. एका प्रकारात तारेवर गोल तार गुंडाळलेली असते. ती खरबरीत, आवाज खणखणीत, पण बोट सरकलं की चिरकते. दुसऱ्यात चपटी पट्टी गुंडाळलेली, हाताला रेशमासारखी, आवाज गोल आणि घुमणारा. ती म्हणाली, 'खणखणाट काकूंपर्यंत पोचायचा नाही, उगाच तुमची बोटं सोलतील. ही गुळगुळीत न्या, त्यातही हलकी जाडी. नवशिक्याला तीच बरी. आणि आधी गुंडाळा, मग कापा.' (वाकडी मान आणि कापलेली तार पाहूनच तिने आमचा धंदा ओळखला असावा.)

रविवारी सकाळी तारा लावल्या. तुझी भावजय माझ्याकडे पाठ करून भाजी निवडत होती. वाद्याबरोबरच आणलेल्या, आवाज मोठा करणाऱ्या छोट्या खोक्याची वायर जोडली आणि सगळ्यात जाड तार छेडली. कपाटाची काच हलली. तिचा हात थांबला. मी पुन्हा छेडली.

मागे न वळता ती म्हणाली, 'उतरलीय.'

'काय?'

'सूर उतरलाय. चढवा थोडा.'

मी खुंटी पिळली. 'अजून,' ती म्हणाली. 'अजून थोडा. हां, बास.' आणि उठून आली, वाद्याच्या लाकडावर तळवा ठेवला, आणि त्या सुराच्या बराच वर, अगदी हळू, गुणगुणली. दोन ओळी. एकही सूर हलला नाही गं. मग भाजीच्या हातानेच डोळे पुसले आणि म्हणाली, 'मला कमी ऐकू येतं हो.' मी म्हटलं, 'हो.' 'केव्हापासून माहीत होतं तुम्हाला?' मी पुटपुटलो. या वेळी खरंच पुटपुटलो.

गुरुवारी कानाच्या डॉक्टरीण बाईंकडे जाऊन आलो. यंत्र मिळेल, सवयीला वेळ लागेल. तोवर मी रोज चार सूर वाजवतो आणि ती मला रागावते. माझं बरं चाललंय.

भाऊजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
धाकटा

ता. क. खरं काम राहिलंच. मागच्या वर्षी तू तिला फोन करून सांगितलंस की गुडघ्याचं ऑपरेशन आहे, फार भीती वाटते. त्यावर ती म्हणाली, 'वा, छान! मजा करा.' तेव्हापासून तू तिच्याशी बोलत नाहीस. तू काय सांगितलंस आणि तिने काय उत्तर दिलं, हे तिला आजवर कळलेलं नाही. मला हे काल तुझ्या लेकीकडून कळलं. फोन करू नकोस, ये. तुझा आवाज लहानपणापासून घोगरा, आम्ही चिडवायचो, त्याची माफी मागतो. तसला आवाज तिला समोरासमोर स्वच्छ ऐकू येतो.

ता. क. २. (हे दुसऱ्या अक्षरात आहे, घाबरू नका.) वन्सं, ह्यांनी आत्ता सांगितलं. मी काय बोलून बसले! तुम्ही घाबरला होतात आणि मी मजा करा म्हटलं. तुमच्या जागी मी असते तर दोन वर्षं बोलले नसते. गुडघा आता वाकतो का? जिना चढू देतो का? सगळं सविस्तर लिहा, नाहीतर येऊन सांगा. जवळ बसून.

ता. क. ३. वरचं लिहिताना तिने मला खोलीबाहेर काढलं होतं, तेव्हा काय लिहिलंय ते मला माहीत नाही. (वाचलं.) गाडीची वेळ कळव, न्यायला आम्ही दोघं येतो.