आईशेजारची जागा

सान बार्तोलो,
शनिवार

प्रिय फिदे,

फोनवर हे बोलता आलं नसतं. फोनवर तू आधी हसतोस, मग तुझा आवाज ओला होतो, आणि मी "बरं बरं, जाऊ दे" म्हणून गप्प बसते. म्हणून कागद घेऊन बसलेय. बसलेय म्हणजे काय, दोन ओळी लिहिते आणि उठते. एकदा कोंबड्यांना दाणे टाकायला, एकदा फाटकापाशी कोण आलं ते बघायला, एकदा उगीचच. हल्ली मला एका जागी बसवत नाही. बाहेर सारखं काहीतरी चालू असतं. सिमेंटचा ट्रक पीं पीं करत मागे येतो, गॅसवाला ओरडत जातो, कुणाच्या तरी भिंतीला भोक पाडणं चालू असतं. आणि एखाद्या दुपारी हे सगळं थांबलं तर जीव आणखीच घाबरा होतो, की आता कुठे नवीन काय उकरतायत.

तुझ्या वाटणीचं शेत तू घरं बांधणाऱ्यांना विकलंस तेव्हा मी भांडले नाही. सगळेच विकत होते. पण गेल्या आठवड्यात मी त्या शेतात वाट चुकले, फिदे. हसू नकोस. ज्या शेतात आपण डोळे मिटून पाणी सोडत होतो, तिथे मी कणसाच्या पानांत बांधलेल्या तमालेंचा डबा घेऊन गरगर फिरत होते. सगळी घरं सारखी, सगळ्यांचे दरवाजे तांबडे, आणि गल्ल्यांना नावं काय दिलीत तर कणीस गल्ली, भोपळा गल्ली, घेवडा गल्ली! कणीस उपटून टाकायचं आणि मग त्याची पाटी लावायची. शेवटी दारात केस विंचरत बसलेल्या एका पोरीला विचारलं, तर ती म्हणते कशी, "आजी, इथं नवीन आलात का?" मी नवीन! घरी येईपर्यंत माझे कान गरम होते.

तो डबा मी डोन्या ग्रिसेल्दाकडे नेत होते; एरवी तीच माझ्याकडे यायची. तिच्याबद्दल तुला फोनवर ओझरतं सांगितलंय, "खोक्यांतली माझी मैत्रीण" म्हणून. त्या खोक्यांसारख्या घरांतल्या लोकांना गावात सगळे खोकीवालेच म्हणतात. ते आपल्याला काय म्हणतात ते लिहीत नाही. ती राहायची भोपळा गल्लीत, म्हणजे तुझ्या शेताच्या त्या कोपऱ्यात जिथे आपले बाबा सावलीला घोंगडी टाकून पडायचे. राजधानीत जन्मभर शिवणकाम केलं, नवरा गेला, मुलानं हे घर घेऊन दिलं. आमची ओळख भांडणातून झाली. संताच्या सणाला आपण पहाटे दारूचे बाण सोडतो ना, तर पहिल्याच वर्षी ही बाई झग्यावर शाल टाकून तरातरा चर्चपाशी आली. "अहो, युद्ध लागलंय का?" मी म्हटलं, "संताला उठवतोय." "संत केव्हाच उठला असेल हो, आम्हाला कशाला उठवता?" मला इतकं हसू आलं की मी तिच्या हातात मिरच्यांच्या मोलेची ताटली दिली. रागारागात खायला लागली आणि दुसऱ्यांदा वाढून घेताना म्हणाली, "तिखट कमी आहे." त्या दिवसापासून ती माझ्या स्वयंपाकघरात होती, असंच समज.

तिला एका गोष्टीचं भारी नवल वाटायचं, आपल्या फाएनाचं. महिन्याच्या पहिल्या रविवारी सगळ्या गावानं मिळून फुकट राबायचं, पाट उपसायचा, कबरस्तानाची भिंत सारवायची, रस्ता बुजवायचा, हे तिला पटतच नव्हतं. "आणि कुणी आलं नाही तर?" म्हणाली. मी म्हटलं, "तर मेल्यावर गावाची माती मिळत नाही." पुढच्या महिन्यात ती फावडं घेऊन हजर. नवं कोरं फावडं, दुकानाचा कागद अजून चिकटलेला. बायका तोंडाला शाल लावून हसल्या. हेलिओदोरो तेव्हाच गावचा मुखत्यार झाला होता, तो म्हणाला, "बाई, तुम्हाला कुणी बोलावलंय?" ती म्हणाली, "कुणीच नाही. चालू द्या तुमचं." आणि पाटात उतरली. त्यानंतर एक रविवार चुकवला नाही तिनं. कमरेत उसण भरलेली असली तरी यायची, खाली बसून दगड वेचायची.

आता सांगते. सोमवारी सकाळी तिची शेजारीण धावत आली. ग्रिसेल्दा मशीनवर बसल्या बसल्याच गेली होती. कुणाचा तरी शाळेचा गणवेश सुईखाली तसाच. मी तिचे केस विंचरले, वेणी घातली, आणि तिचा मुलगा आबेल राजधानीतून येईपर्यंत तिच्यापाशी बसले. त्या दिवशी मात्र बसले, फिदे. आबेल म्हणाला, शहरात जाळून डब्यात घालून देतात, तेच सोपं पडेल. पण ती मला कितीदा म्हणाली होती, "मला डब्यात घालू देऊ नकोस गं. घरच डब्याएवढं आहे, आता पुरे. मला तुमच्यात ठेवा."

म्हणून दुसऱ्या दिवशी शाळेच्या पटांगणात सभा बसली. आबेल फाटकाबाहेर हातात टोपी घेऊन उभा, कारण बाहेरच्याला सभेत उभं राहता येत नाही. हेलिओदोरो म्हणाला, "दुली, बाई चांगली होती, मला मान्य आहे. पण आज एक. उद्या तीन हजार खोक्यांतली मढी रांगेत उभी राहतील, तेव्हा कुणाला परत पाठवशील? आणि आपण कुठे जायचं, हमरस्त्याच्या दुभाजकात?" लोक हसले, आणि तो चुकीचं बोलत नव्हता. विहिरीचं पाणी त्या लोकांनी ओढलं, कोंबी गाडीत बसायला जागा नाही, आता मातीसुद्धा द्यायची का? तोमासा म्हणाली, "तिनं सणाचा मान, सणाचा खर्च, कधी अंगावर घेतला?" मी ओरडलेच, "तू दिलास का कधी?" सगळे माझ्याकडे बघायला लागले. नियम आपलाच आहे आणि चांगला आहे. तो नसता तर गाव केव्हाच विरघळून गेलं असतं. पण ज्या नियमात राबणारी बसत नाही आणि न राबणारा बसतो, त्याचं मी काय करू?

हो, तुझ्याबद्दलच बोलतेय. तू इतकी वर्षं शिकागोत घरांवर छपरं घालतोस, तुझे हाल मला माहीत आहेत. पण तुझ्या वाटणीची फाएना नाचो करतो, तुझ्याकडून पैसे घेऊन, आणि अर्धा वेळ झाडाखाली झोपून. गावाला ते चालतं. सणाच्या बँडबाजाला तू पैसे धाडतोस, तेव्हा तुझं नाव कर्ण्यावरून पुकारतात आणि लोक टाळ्या वाजवतात. तिथली कागदपत्रं हातात येऊन, ये-जा मोकळी होऊन तुला सहा वर्षं झाली. दर डिसेंबरात "येतो" म्हणतोस, दर डिसेंबरात छपरांचं काम निघतं. आणि फोन ठेवताना ठरलेलं वाक्य, "मेल्यावर तरी गावीच येणार बघ, दुली, आईशेजारी." आधी मला ते ऐकून भरून यायचं. आता ते ऐकलं की फोन भिंतीवर फेकावासा वाटतो.

तर लिहायचं ते हे. घराण्याच्या जागेत कुणाला ठेवायचं ते घराणं ठरवतं, हासुद्धा नियमच आहे. मी सभेत उभी राहिले आणि म्हटलं, आईच्या उजवीकडची जागा माझी, डावीकडची माझ्या भावाची. भावाची जागा मी ग्रिसेल्दाला देते. हेलिओदोरोनं फक्त विचारलं, "फिदेला विचारलंस?" मी म्हटलं, "नाही." बुधवारी तिला माती दिली. तू विचारशील, माझी जागा का नाही दिली. माझी दिली असती तर गावानं मला साध्वी म्हटलं असतं, पण ती जागा मी माझ्या पाठीनं कमावलीय, ती मी कुणालाही देणार नाही. तुझी तू कमावली नव्हतीस. तिकडे भिंतीकडेला कबरींची नवी ओळ आखतायत. तिथे तुलाही जागा मिळेल, पण नाचोच्या हातून नाही. पैसे घेऊन दुसऱ्यासाठी राबणं यापुढे धरायचं नाही, हे मी त्याच सभेत सगळ्यांकडून कबूल करून घेतलं. डिसेंबरच्या पहिल्या रविवारी पाट उपसायचाय. रागाव, शिव्या दे, वर्षभर बोलू नकोस, पण ऐक. मला तुझी पेटी विमानतळावरून उतरवून घ्यायची नाही, फिदे. मेल्यावर यायची तुझी सोय मी मोडून टाकलीय. आता यायचं तर जिवंत ये.

वाट बघून बघून चिडलेली, तरी तुझीच,
दुली