समोरचा वाफा

करमाड, ४ मार्च २०२४

चि. सौ. सत्यशीला हीस,
दादाचे अनेक आशीर्वाद.

पत्र पाहून दचकू नकोस, सगळे खुशाल आहेत. कंपनीत मोबाइल गेटवरच काढून घेतात आणि घरी फोनवर बोलावं तर बाई कान देऊन ऐकते. आपल्या आईच्या पोटात गोष्ट राहत नाही, हे तुला मी सांगायला नको. आबांचं उलटं. कान गेल्यापासून ते फोनवर ओरडून खुशाली सांगतात आणि समोरच्याचं काही न ऐकता ठेवून देतात. म्हणून हे कागदावर.

होळी अजून लांब आहे आणि आत्ताच दुपारी पत्र्याखाली बसवत नाही. मागच्या वैशाखात आबा मेंढरांमागं माळावर भोवळ येऊन पडले, ते तुला ठाऊक आहे. पुन्हा असं ऊन डोक्यावर घेतलं तर जिवावर बेतेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आबांनी मान डोलावली आणि आठवडा व्हायच्या आत पुन्हा मेंढरं घेऊन माळावर गेले. यंदाचा उन्हाळा त्यांना इथं काढू द्यायचा नाही, असं मी ठरवलंय, आणि न्यायला तुझ्या घराखेरीज जागा नाही. चुलतभाऊ हनुमान आपली मेंढरं त्याच्या कळपात घ्यायला तयार आहे.

अडचण दुसरीच आहे. लेकीच्या घरी दोन रात्रींच्या वर राहून खाणं आबांच्या लेखी पाप. मागच्या साली तू दोनदा बोलावलंस. दोन्ही वेळा त्यांनी तुझं पत्र देव्हाऱ्यात ठेवलं आणि काठी घेऊन बाहेर पडले. बाई म्हणते, हा माणूस हलल्याशिवाय मीही हलणार नाही. तुला दवाखान्यातून मे महिन्यात रजा मिळत नाही, नाहीतर तूच येऊन त्यांना घेऊन गेली असतीस. लहानपणापासून त्यांच्याकडून पाहिजे ते काढून घेत आलीस. आता त्यांनाच काढून ने.

उत्तर कंपनीच्या पत्त्यावर पाठव. अभयरावांना नमस्कार.

तुझ्यावर विसंबलेला,
रामहरी


गुहागर, ११ मार्च २०२४

तीर्थरूप आबांस,
शि. सा. न. वि. वि.

आम्ही दोघं मजेत आहोत. तुम्ही हसाल, पण दवाखान्यातला पारा तेहतीसच्या वर जात नाही आणि तरी जीव नकोसा होतो. घाम येतो तो वाळतच नाही. मिठाच्या बरणीत पाणी सुटतं, खिडकीच्या कड्या गंजतात. सकाळी झाडाचं पानही हलत नाही. अकराच्या सुमारास समुद्रावरून वारा सुटतो आणि संध्याकाळपर्यंत ओठ खारट लागतात.

लिहिण्याचं कारण वेगळं. नर्सेस क्वार्टरच्या समोर थोडी मोकळी जागा आहे. तुमचे जावई म्हणतात, तिथं शोभेची झाडं लावू. वीज मंडळातल्या माणसाला तारांखाली फार उंच काही नको असतं. मला मेथी, कोथिंबीर आणि आपल्या घरची मिरची लावायची आहे. इथं भाजी घाटावरून ट्रकनं येते, पोचेपर्यंत दमून जाते. पण सुरुवात कुठून करू? तुमच्याशिवाय विचारू कुणाला?

मी तुम्हाला बोलावत नाहीये, घाबरू नका. फक्त सांगा, मी तसं करीन. बाईला नमस्कार.

तुमचीच,
सत्यशीला


करमाड, १९ मार्च २०२४

चि. सौ. सत्यशीलाबाईस,
आबाचे आशीर्वाद.

पत्र पावलं. तेहतीस म्हणजे आमच्या इथली सकाळ झाली. तेवढ्या उन्हात आम्ही लग्नाच्या पंगती उठवतो. तुझ्या माईला वाचून दाखवलं तर ती म्हणे, पोरगी लई नाजूक झाली.

आता नीट वाच. जमीन हातभर खोल खण. ढेकळं फोडू नको. पाडव्यापर्यंत तशीच उन्हात पडू दे. तापली की कीड मरती. मग लेंडीखत घाल. तिथं लेंडी मिळत नसंल, म्हणून मी एक पोतं पाठवतोय. जाधववाडीच्या मार्केटला तुमच्या बाजूचा आंब्याचा टेम्पो आलाय, तो रिकामाच जातो. ड्रायव्हर आधी नाय म्हणत होता, पोत्याला वास येतो म्हणे. त्याला म्हणलं, तुझ्या आंब्याला बी येतोच की. पोत्यात मेथीचं बी पुडीत बांधून ठेवलंय आणि वर मिरचीची रोपं ओल्या फडक्यात.

पाणी चौथ्या दिवशी दे, पण भरपूर. रोज रोज शिंपडशील तर मुळ्या वरच्यावर आळशी होतात. माणसाचं बी तसंच असतं. जावईबापूंना रामराम.

तुझी माय विचारती, तिकडं भाकरीला पीठ बरं मिळतं का. आणि म्हणती, मला कुणी बोलावलं तर मी एका पायावर तयार आहे, पण कुणी बोलावत नाय.

सुखी राहा, पत्र धाडत राहा.
मल्हारी


गुहागर, २० एप्रिल २०२४

तीर्थरूप आबांस,
शि. सा. न. वि. वि.

पोतं पोचलं. आळीत सगळ्यांना कळलं की आमच्याकडं काहीतरी आलंय. अभय दोन दिवस मागच्या दारानं ये-जा करत होते.

तुम्ही सांगितलं तसं अक्षरशः केलं. खणलं, तापू दिलं, खत घातलं, पाडव्याला पेरलं, चौथ्या दिवशी पाणी. मेथी छान उगवली. उगवल्यावर दिलेल्या पहिल्या पाण्यानंतर तिसऱ्या दिवशी माना टाकल्या, चौथ्या दिवशी झोपली ती उठलीच नाही. माती इथली वाळूसारखी आहे आबा. बादली ओतली की सू म्हणून आवाज येतो आणि पाणी कुठं जातं कळत नाही. राहिलेल्या पानांच्या कडा खाऱ्या वाऱ्यानं करपल्या. मिरचीची रोपं अजून उभी आहेत, पण चेहरा बरा नाही.

शेजारच्या सुलेखाकाकू जन्मापासून इथल्या. त्या कुंपणावरून म्हणाल्या, रोज सकाळ-संध्याकाळ पाणी घाल, मुळाशी नारळाची सोडणं, म्हणजे वरची काथ्याची सालं, अंथर आणि समुद्राच्या बाजूला झावळ्यांचा आडोसा कर. उघडी जमीन तापवतात का कधी, असं म्हणून हसल्या. मी त्यांना सांगितलं की माझ्या वडिलांनी जे सांगितलंय तेच मी करणार.

तर आता काय करू? लवकर लिहा.

वाट पाहणारी,
सत्यशीला


करमाड, २७ एप्रिल २०२४

चि. सौ. सत्यशीलास आशीर्वाद.

मेथी झोपली हे वाचून मला बी झोप आली नाय. ह्या सुलेखाकाकू कोण? त्यांना म्हणावं, आमच्या काळ्या रानात कापूस उभा राहतो तो काय सोडणावर? तरी पण सू आवाज येतो म्हणलीस, ते काय मला कळंना. माती मुठीत दाबून बघ, गोळा होतो का ते लिही. पाणी तिसऱ्या दिवशी कर. तिसऱ्याच्या खाली जाऊ नको.

इथं सगळं ठीक. टँकर एक दिवसाआड येतो. मेंढरं अकरालाच लिंबाखाली बसत्यात.

लिहिणारा म्हातारा लपवतो, म्हणून खाली मी घालते. तुझी माय. मला चारच अक्षरं येत्यात. परवा ह्यांच्या डोळ्यापुढं अंधारी आली. लिंबाला धरून उभे होते. पाणी मारलं.

तिनं काय खरडलं ते बघितलं. तसं काय झालं नाय. ऊन होतं.

मल्हारी


करमाड, २९ एप्रिल २०२४

सत्यशीला,

मायना नाही, रागावून लिहितोय. तुला आबांना इथून हलवायला सांगितलं होतं आणि तू दोन महिने त्यांच्याशी मेथीवर पत्रव्यवहार करत बसलीस. गुरुवारी ते पुन्हा पडता पडता वाचले. पारा बेचाळीसच्या पुढं गेलाय. आबा घरी येऊन काय करतात, तर तुझं पत्र काढून वाफ्याचा विचार. भाजी विकत घे आणि काहीतरी कर.

रामहरी


गुहागर, ४ मे २०२४

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझा राग पोचला. आता शांतपणे वाच आणि वाचून झाल्यावर फाडून टाक.

क्वार्टरच्या मागं, न्हाणीच्या पाण्यावर, माझा दुसरा वाफा आहे. त्यात आबांच्याच पुडीतलं बी टाकलं, त्यांचीच मिरचीची रोपं लावली आणि काकू सांगतात तसं सगळं केलं. रोज पाणी, सोडणं, झावळ्या. मेथी दोनदा खुडून झाली, मिरचीला फुलं लागलीत. आम्ही रोज त्यातलंच खातोय. समोरचा वाफा आबांचा. तो मी त्यांच्या शब्दाबरहुकूम वाळू देतेय. अभय म्हणतात, हे पाप आहे. असेल.

दादा, मी नुसतं या म्हटलं असतं तर तेही पत्र देव्हाऱ्यात गेलं असतं. भाजी छान आली असं लिहिलं असतं तर ते समाधानानं मेंढरांमागं गेले असते. आपल्या आबांना पाहुणचार चालत नाही, अडलेलं काम मात्र बघवत नाही. त्यांची तब्येत इतकी बिघडेल हे माझ्या अंदाजात चुकलं, बाईच्या त्या चार ओळी वाचल्यापासून मलाही घास गोड लागत नाही. म्हणून आज शेवटचं पत्र त्यांना टाकलंय: मिरचीही गेली. आणि काकूंनी विचारलं, तुझे वडील खरंच रानातले का नुसते सांगतात?

काकूंनी असं काही विचारलेलं नाही. त्यांची मी माफी मागून ठेवलीय.

हनुमानला तयार राहायला सांग. मला चार दिवस शिव्या दे, मग माया कर.

सत्यशीला


करमाड, १० मे २०२४

चि. सौ. सत्यशीलास आशीर्वाद.

मिरची बी गेली? मेंढक्याची लेक, दारात लेंडीचं पोतं, आणि एक रोप जगंना? आणि त्या काकू मला विचारणार, रानातला का? आता कागदावर हे काम व्हायचं नाय. माती हातात घेतल्याबगर मला काय समजायचं नाय.

मी येतोय. तुझी माय बी येती. तिनं पिशवी मागच्या महिन्यातच भरून ठेवली होती, ते आज सापडलं. पण नीट ध्यानात ठेव. मी पाहुणा म्हणून येत नाय, कामाला येतोय. झोपायला ओटा बास. ज्वारी माझी मी आणतो. मेंढरं हनुमानकडं दिली. कोणती लंगडती, कोणती रातची बाहेर निघती, सगळं त्याला सांगितलं, तरी तो मान हलवत होता ती मला पसंत नाय पडली. वाफा मार्गी लागला की मी निघणार.

जावईबापूंना सांग, त्रास घेऊ नका.

मल्हारी


गुहागर, २५ मे २०२४

चि. रामहरीस,
आबाचे आशीर्वाद.

आम्ही सुखरूप आहोत. घाम लई येतो, पण डोकं हलकं राहतं. दुपारी समुद्राचा वारा सुटला की ओट्यावर चांगली झोप लागती. तुझी माय रोज संध्याकाळी वाळूत पाय बुडवून बसती आणि उठायला नको म्हणती.

आता एक सांगतो, ते तुझ्यापाशीच ठेव. आल्या दिवशी पहाटं तांब्या घेऊन मागं गेलो, तर न्हाणीपाशी हिरवागार वाफा. मेथी, माठ, आणि मिरची. मिरची आपल्याच घरची, आभाळाकडं तोंड करून लागलेली; ती मी अंधारात बी ओळखीन. शेजारी माझं पोतं, निम्मं सरलेलं. मी तिथंच उकिडवा बसलो आणि एकट्यानं हसलो. मग वाटलं, पोरीनं माझ्यासाठी एवढं सोंग केलं. डोळ्यात पाणी आलं ते खाऱ्या वाऱ्यानं, असं समज.

तिला मी काय बोललो नाय. बोललो तर तिचं काम संपलं, आणि काम संपलं की मला इथं राहायला तोंड उरत नाय. रोज सकाळी ती येऊन गरीब तोंड करून विचारती, आबा, समोरचा वाफा जगंल का? मी बी गरीब तोंड करून सांगतो, अवघड आहे बाई, बघू. तुझ्या माईला सगळं ठाऊक आहे. तिच्या पोटात एवढे दिवस गोष्ट राहिली, म्हणजे इथली हवा चांगलीच म्हणायची.

सुलेखाकाकूंची वळख झाली. बाईचा आवाज असा, की कान गेलेल्या माणसाला बी सोय होती. माझ्या मनात त्यांच्यावर राग होता. त्यांनीच मला वाळूत पाणी कसं धरायचं ते शिकवलं. पुन्हा पेरलेली मेथी आता बोटभर आहे. मिरगाच्या आधी मी परत येतो, मेंढरांची सय येती. हनुमानला लंगडीचं विचार.

पण यायच्या आधी समोरच्या वाफ्यात काकूंकडून घेऊन सुरण लावलाय. ह्याच दिवसात लावतात म्हणे इथं, आणि दिवाळी उलटल्याबगर खणायचा नाय. काकू म्हणाल्या, तुम्ही जा खुशाल, खणायला कुणी बी चालतं. मी म्हणलं, नाय, आमच्यात ज्यानं लावला त्यानंच येऊन खणायचा असतो.

आमच्यात सुरण लावतच नाहीत, हे त्यांना कुठं ठाऊक.

तब्येतीला जप, उन्हात फिरू नको.
मल्हारी