धुराड्यात सोडलेलं पत्र

नॉकरो, वेस्ट कॉर्क
मंगळवार, ८ डिसेंबर २००९

प्रिय इटाआत्या,

तुझं कार्ड शुक्रवारी मिळालं. गुडघ्याला थोडा आराम आहे हे वाचून बरं वाटलं. इथे सगळे ठीक आहेत. बाबांचा खोकला नेहमीचाच, आणि तो सिगारेटमुळे नसून धुक्यामुळे आहे हे त्यांचं म्हणणंही नेहमीचंच. नाताळचं पुडिंग महिन्यापूर्वीच शिजवून ठेवलं. तुझ्या कृतीत आईने मनुका वाढवल्या आहेत. तुला सांगू नकोस म्हणाली, पण न सांगता मला चैन पडणार नाही, म्हणून सांगितलं.

आज आठ डिसेंबर, नाताळच्या खरेदीचा ठरलेला दिवस, त्यामुळे निम्मं गाव शहरात गेलं आहे. आई, बाबा, दादा आणि वहिनी सकाळीच गेले. दादाच्या साइव्हला ताप आहे, म्हणून मी घरी थांबले. ती सहा वर्षांची झाली. सकाळी तिने नाताळच्या भेटीसाठी सँटीला पत्र लिहिलं, सगळे शब्द स्वतः. मग हातात धरून घरभर फिरली आणि माझ्यापाशी येऊन म्हणाली, "डेलियाआत्या, धुराडं कुठे गेलं?"

गेल्या वर्षी आम्ही धुराड्याखालची उघडी चूल बंद करून काचेच्या दाराची लोखंडी शेगडी बसवली, हे तुला माहीत आहेच. मी तिला म्हटलं, शाळेत बाईंनी सांगितलं तसं कंप्युटरवरून पाठवू.

"आजोबा म्हणतात ते खरं पत्र नसतं. खरं पत्र वर जातं."

"मग पोस्टात टाकू."

"आणि सँटी आत कुठून येणार? दारातून? मीटर वाचायला येतो त्या माणसासारखा?"

तिचं मन वळवायला माळ्यावरची पेटी खाली आणली. आजीची मोज्याची बाहुली अजून आहे, एक डोळा बटणाचा आणि दुसरा नुसत्या दोऱ्याचा. साइव्हने तिची पाठ चाचपली. बॅटरी कुठे घालायची म्हणून विचारलं. मी म्हटलं, ही बोलत नाही, हिच्या वतीने आपण बोलायचं. "म्हणजे काम सगळं आपणच करायचं," ती म्हणाली. तुझा पत्र्याचा भोवरा निघाला, तो अजून गुणगुणतो. आणि रिंगांची फळी. तेराव्या आकड्याचा हूक वाकलेलाच आहे. नाताळच्या जेवणानंतर बाबा खडूने जमिनीवर रेघ ओढायचे आणि तू रिंग फेकायला उभी राहिलीस की म्हणायचे, "इटा, पाय रेघेच्या मागे. पुढच्या वर्षी तुझ्यासाठी रेघ पार दारापर्यंत नेतो." तू न बघताच फेकायचीस आणि तेरावर अडकवायचीस.

सगळ्यात खाली माझं खेळण्यातलं पोस्ट ऑफिस होतं. पुठ्ठ्याची खिडकी, रबरी शिक्का, नखाएवढी तिकिटं. मी सात वर्षांची होते त्या नाताळात ते आलं. फुफ्फुसं कमजोर म्हणून मला शाळेत घातलं नव्हतं, आणि तू स्वयंपाकघरातल्या टेबलावर मला शिकवत होतीस. तो सगळा हिवाळा धडे संपले की आपण पोस्ट पोस्ट खेळलो. मी खिडकीच्या आत, तू बाहेर. तू दर वेळी विचारायचीस, "पोस्टमास्तरीणबाई, इटा मर्फीचं काही पत्र?" मी म्हणायचे, "आज काही नाही, बाई." तू हसायचीस आणि तिकीट विकत घ्यायचीस.

आत्या, मी मुद्द्यावर यायचं टाळते आहे. चार पानं आधी फाडली, हे पाचवं.

फिनबार क्रोली ऑक्टोबरमध्ये बर्मिंगहॅमहून कायमचा परत आला. त्याच्या काकाच्या घरात राहतो. लग्न केलेलं नाही. परवाच्या रविवारी प्रार्थनेनंतर चर्चच्या भिंतीपाशी त्याने बाबांना विचारलं, "बायकांच्या नाताळाला इटा येते का अजून?"

"येते तर. सहा जानेवारीला न चुकता गॉलवेहून येते आणि आम्हा पुरुषांना स्वयंपाकाला जुंपून स्वतः पाय पसरून बसते. तूही ये. बटाटे सोलायला माणूस हवाच आहे."

तो हसला आणि येतो म्हणाला. मग म्हणाला, "मी तिला एकदा पत्र लिहिलं होतं. तिचं उत्तर आलं नाही. तेच उत्तर समजलो."

बाबा म्हणाले, "इटा आणि उत्तर देणार नाही? ती विजेच्या बिलालासुद्धा आभाराचं पत्र पाठवते."

मी दोन हातांवर उभी होते. बाबांना ती थट्टा वाटली. मला वाटली नाही, कारण ते पत्र माझ्या हातात दिलं गेलं होतं.

वीस वर्षांपूर्वीची हीच आठ तारीख. तू आणि आई खरेदीला गेला होतात. आजी कोंबड्यांना दाणे टाकायला मागे गेली होती. फिनबार दाराशी आला. भिजला होता. म्हणाला, "डेलिया, हे इटाच्याच हातात दे. दुसऱ्या कुणाच्या नाही." आणि गेला. पाकीट चिकटवलेलं नव्हतं. मी ते उघडलं. नुकतं वाचायला येऊ लागलं होतं ना, दिसेल ते वाचायचे मी, पिठाच्या पोत्यावरचंसुद्धा. तू शिकवलं होतंस तसंच ते पत्र होतं. वर तारीख, मग नाव, मग एकच मागणं. तू म्हणायचीस, सँटीकडे एकच गोष्ट मागावी, जास्त मागितलं की त्याला खरं काय हवं ते कळत नाही.

आजवर मी स्वतःला असं सांगत आले की मागण्याचं पत्र म्हणजे धुराड्यात सोडायचं पत्र, असं मला पोरवयात वाटलं. त्याचं मागणं पुरं व्हावं म्हणून मी ते वर पाठवलं. ही गोष्ट मी इतक्यांदा मनात घोळवली की ती खरीच वाटू लागली होती. तुलाही तीच सांगणार होते. पहिली चार पानं त्याच गोष्टीची होती.

पण पत्र कसं सोडायचं हे तूच मला दाखवलं होतंस. हात आत घालून वर, धुराड्याच्या गळ्याशी न्यायचा आणि तिथे सोडायचं. वाऱ्याने ओढून नेलं तर ते सँटीला पोचलं. खाली जाळात पडलं तर नाही समजायचं.

मी हात वर नेला नाही. मी ते खाली धरलं, आत्या, जाळाच्या अगदी जवळ, आणि सोडलं. त्याचं मागणं काय होतं ते मला कळलं होतं. ते पुरं झालं तर टेबलापाशी माझ्याबरोबर कोण बसणार, हेही कळलं होतं.

आजी आत आली आणि म्हणाली, "कसला वास हा?" मी म्हटलं, माझं पत्र जळलं. ती म्हणाली, "मग दुसरं लिही बाळ. सँटीला राख वाचता येत नाही." दुसऱ्या दिवशी मी माझं लिहिलं. ते सरळ वर गेलं आणि मला पोस्ट ऑफिस मिळालं.

पुढे मी नऊ वर्षांची होऊन शाळेत जायला लागले, आणि तू गॉलवेला वसतिगृहाची नोकरी धरलीस. तेव्हा मला सगळं नीट समजत होतं. तेव्हाही बोलले नाही, पंधराव्या वर्षीही नाही. सात वर्षांच्या मुलीला तू कदाचित माफ करशील. पण नवव्या वर्षापासूनची अठरा वर्षं माझी आहेत, ती मी तिच्यावर ढकलणार नाही.

फिनबारला मी अजून काही सांगितलेलं नाही. पत्र तुझं होतं, म्हणून आधी तुला. तू म्हणशील तर मी स्वतः त्याच्याकडे जाऊन सांगेन. सहा तारखेला मी डोळ्यांसमोर नको असेन तर तसं कळव, मी बॅन्ट्रीला मैत्रिणीकडे राहीन. पण माझ्यामुळे तू यायची राहू नकोस. तो येणार आहे.

ते पत्र मी चार वेळा वाचलं होतं. चुकीचा शब्द जाऊ नये म्हणून गेले दोन दिवस मनात पुन्हा पुन्हा म्हणून पाहिलं. ते असं होतं :

"इटा, मी उद्याच्या बोटीने जातो आहे. तोंडाने बोलायला जमलं नाही, म्हणून लिहितो. तिकडे काम लागलं की तू ये. आपण लग्न करू. तुझ्या भावाला मी विचारेन, पण आधी तू हो म्हण. काहीच कळलं नाही तर नाही समजेन आणि पुन्हा तुला त्रास देणार नाही. हो असेल तर लांबलचक लिहायची गरज नाही. फिनबार."

खाली बर्मिंगहॅमचा पत्ता होता, तो मला आठवत नाही. आता तो राहतो ते घर चौकातून डावीकडे दुसरं, निळ्या फाटकाचं.

उत्तराची वाट बघायचा हक्क नसलेली,
तुझी
डेलिया