भिंतीकडची पात

३ फेब्रुवारी

ती. मामास,
सा. न. वि. वि.

तुझा कांदा आता माझ्या ताब्यात आहे बरं का. वीस बेटं आहेत, मोजली. मामी म्हणते, ही पोरगी अभ्यास सोडून कांद्यांशी गप्पा मारते. पण मला जाम भारी वाटतं. हा गड्डा धरत नाही, उपटायचा नाही, नुसती पात कापत राहायची आणि तो वर्षानुवर्षं येतच राहतो. तू सांगितलंस तसं दोन बोटं ठेवूनच कापते. मोठी बेटं फोडून भिंतीकडे नवी ओळ लावली. तिथे मामीची लिली उगवते, ती विषारी, हे लक्षात आहे. पात चुरगाळायची आणि कांद्याचा वास आला तरच कापायची, तुझा नियम पाठ आहे.

आजोबांना रोज सूपमध्ये पात लागते. घरात मी एकटीच कामाची आहे, असं ते मामीला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने सांगतात. मी तापातून एकदम बरी झाले.

तिकडे बोगद्याच्या कामावर हेल्मेट काढू नकोस, आणि कांद्यांवर आहे तितका तरी लोभ माझ्यावर ठेव.

तुझी भिंगरी

२७ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

बाबा गेल्याची चिठ्ठी मला आठ दिवसांनी मिळाली. दरड पडून रस्ता बंद आहे, टपाल तेवढं माणूस पायी नेतो-आणतो. शेवटचं बघताही आलं नाही.

तुझ्या मामीने लिहिलंय की तिने त्यांना आदल्या दिवशीचं सूप गरम करून दिलं. दिवसभर उलट्या, डॉक्टर येईपर्यंत अंगात त्राण उरलं नव्हतं. बावीस वर्षांत तिने कुणाला शिळं वाढलं नाही, आणि बाबांच्याच वेळी आळस केला. मला तिचं अक्षरही बघवत नाही. तसं तिला कळवलंय.

तू होतीस म्हणून शेवटपर्यंत त्यांची देखभाल तरी नीट झाली. परीक्षा चांगली दे, जिवाला जप.

तुझा मामा

५ मार्च

ती. मामास,
सा. न. वि. वि.

मामीने खोटं लिहिलंय. सूप ताजं होतं. मी केलं होतं. पात मी भिंतीकडून कापली.

तापानंतर मला वासच येत नाही, मामा. साबण, रॉकेल, करपलेलं दूध, काहीच नाही. सांगितलं असतं तर बाग माझ्याकडून गेली असती, म्हणून बोलले नाही. त्या दिवशीही पात चुरगाळली, नाकाला लावली, आणि ठरवून टाकलं की कांदाच आहे. ओळ मीच लावलेली, मला कळणार नाही का, असं वाटलं. चाखून बघायला वेळ नव्हता, क्लासला उशीर होत होता.

मामी कारखान्यातून आली तेव्हा आजोबा पडून होते. तिने टोपातली पात उचलून वास घेतला आणि माझ्याकडे पाहिलं. डॉक्टरांना तिने ती पात दाखवली, पण फार उशीर झाला होता. मग मला म्हणाली की तुला हे जन्मभर चिकटेल, तू गप्प बस, मी बघते मामाचं. आणि मी गप्प बसले.

तुझं पत्र वाचून तिने बॅग भरलीय. माझी परीक्षा संपेपर्यंत थांबते म्हणाली. परीक्षा सोमवारी संपते. तिला लिही, मामा. मला काय बोलायचं ते बोल, पण आधी तिला लिही.

लोभ मागायला हात धजत नाही.

भिंगरी

२२ मार्च

चि. भिंगरीस,

तुझं पत्र आज मिळालं. टपालाचा माणूस दोन आठवडे दरड ओलांडून वर आलाच नव्हता. त्याच थैलीत तुझ्या मामीचं पाकीट होतं. त्यात घराची किल्ली आणि एक ओळ, सामान तपासून घ्या. तुझ्याबद्दल त्यात एक अक्षर नाही.

मी तिला काय काय लिहिलं होतं ते तुला सांगणार नाही. ते वाचूनही ती तुझी परीक्षा संपेपर्यंत तुझा डबा भरत राहिली, एवढं मला कळतंय.

रस्ता उघडला की आधी तिच्या भावाकडे जाणार आहे. ती समोर येईल असं वाटत नाही. तू बरोबर येऊ नकोस. तुला बघून ती मला माफ केल्यासारखं करेल, आणि मला तसं नकोय.

तुझं काय करायचं ते अजून कळत नाही. दवाखान्यात जाऊन नाक दाखव. वर आशीर्वाद लिहायचे राहिले. कागद बदलत नाही.

मामा