पंखा बंद असताना

मंगळवार, ९ तारीख

रात्रभर डोळा लागला नाही. पोरगी गाढ झोपली होती, मीच छताकडे बघत पडलेली. काल टाकीच्या तापाचा काटा लाल रेषेला टेकला म्हणून. नवा साहेब म्हणतो, गोंदाच्या एका टाकीला पाच तास कशाला, तीन तासांत काढा. वाफ वाढवली, टाकीभोवती फिरणारं गार पाणी अर्धं बंद केलं. आणि औषध — म्हणजे ते रसायन, जे मी चार तास बारीक धारेने सोडते — ते दोन तासांत संपवायचं. काल टाकी आतून गुरगुरली. मी काट्यासमोर उभी. साहेब मोबाइलमध्ये.

बुधवार, १०

सांगून बघितलं. "बाई, तू औषध सोड. डोकं चालवायला मी आहे ना." सगळे हसले. मीपण हसले, मूर्खासारखी.

गुरुवार, ११

डोकं ठणकत होतं. ती पाण्यात फेसाळणारी गोळी असते ना, ती घेतली. घाई होती म्हणून चुरून कोमट पाण्यात टाकली. भसकन फेस वर आला, अर्धं औषध ओट्यावर. रोज गार पाण्यात अख्खी टाकते तेव्हा बिचारी कितीतरी वेळ बुडबुडे सोडत बसते. गोळी तीच, पाणी तेवढंच. बघतच राहिले. मी सहावीत शाळा सोडली, तरी एवढं कळतं. साहेबाने तर भिंतीवर सर्टिफिकेट टांगलंय.

माझ्या आधी टाकीवर मामा होते, सगळेच त्यांना मामा म्हणायचे. त्यांनीच शिकवलं मला. म्हणायचे, "टाकी तापली की धावते, धावली की अजून तापते. तिला पळायच्या आधी धरायचं. नंतर तिच्या बापालाही सापडत नाही."

संध्याकाळी भावाचा फोन. "सोड ते काम, पोरीला घेऊन इकडे ये." म्हटलं, आणि तुझ्या बायकोचे टोमणे कोण खाणार? मग म्हणतो, "मी खातोच आहे. तुझ्या वाटणीचे पण खाईन." हसू आलं, रागही आला. फोन ठेवून दिला.

शुक्रवार, १२

लिहू की नको असं झालंय. पण वही कोण बघतंय.

मी झोपले. स्टुलावर बसल्या बसल्या, औषधाचा नळ उघडा ठेवून. जाग आली ती एकदम शांत वाटलं म्हणून. टाकीतलं ढवळायचा पंखा बंद. त्याचा पट्टा तुटून खाली पडलेला. किती वेळ झाला देव जाणे. औषधाचं पिंप रिकामं.

काटा मात्र खाली. साहेब खूश — "बघ, उगाच घाबरतेस." मी एवढंच म्हणाले की पट्टा तुटलाय. औषध सगळं आत गेलंय हे बोललेच नाही. नोकरीची भीती.

काटा खाली आहे कारण औषध जड असतं. ढवळलं नाही तर तळाला जाऊन बसतं. वर माल, खाली औषध, दोघांची गाठच पडलेली नाही अजून. उद्या वायरमन नवा पट्टा घालणार. पंखा फिरला की सगळं एकदम मिसळणार. चार तासांचं काम एका मिनिटात.

आणि हे माहीत असलेली मी एकटी.

शनिवार, १३, सकाळ

पोरीला शेजारच्या मावशींकडे टाकून लवकर आले. साहेबाला सगळं सांगितलं, झोपले ते पण. "म्हणजे चूक तुझी, आणि माल मी फेकून देऊ? थंड आहे ना टाकी? मग झालं." उद्यापासून येऊ नकोस म्हणाला. बरं, नाही येत. पण आज तरी ऐक ना रे बाबा.

टाकीला खालून हात लावला. कोमट आहे. काल नव्हती. गार पाणी पूर्ण सोडून आले, साहेबाने परत बंद केलं.

वायरमनला सांगितलं. "ताई, मला पट्टा घालून बटण दाबायला सांगितलंय. ते रसायनाचं मला नका सांगू, मी त्याच विषयात तीनदा उडालोय."

आगीच्या बंबवाल्यांना फोन लावला. "आग लागलीय का?" नाही म्हटलं. "मग लागली की करा."

शनिवार, दुपारी साडेबारा

फाटकाबाहेर आहे. पॅकिंगच्या चौघींना हाताला धरून बाहेर काढलं, शिव्या घालत आल्या. रखवालदारही आला. साहेब ऑफिसचं दार लावून बसलाय. वायरमन आतच. पट्टा बसला, आता फक्त बटण राहिलंय म्हणतात.

त्याला आणायला चाललेय. वही रखवालदाराच्या खुर्चीवर ठेवते. जो कोणी वाचेल त्याने — पोरगी मावशींकडे आहे, बाटलीने पीत नाही, वाटी-चमच्याने पाजावं लागतं. माझ्या भावाला फोन करा. नंबर मागच्या पानावर आहे.